परवाना गेला, पारख कुठे गेली?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते फौजदारी वकील होते. कायद्याचं कलम वाचून झालं की हेच कलम चौकातला हवालदार कसं वाचेल, असं ते आपल्या ज्युनिअरना हमखास विचारत. संयोजकांनी ही आठवण सांगितली आणि माझा विषय तिथेच पक्का झाला. विषय परदेशातला आहे, पण प्रश्न त्यांचाच आहे.

अमेरिकेच्या 50 राज्यांपैकी 29 राज्यांत आज सज्ञान माणसाला कपड्याखाली भरलेलं पिस्तूल बाळगून हिंडायला कसलाही परवाना लागत नाही. अर्ज नको, बोटांचे ठसे नकोत, प्रशिक्षण नको, फी नको. वयाची अट कुठे 21, कुठे 18. पंचवीस वर्षांपूर्वी असं राज्य एकच होतं, व्हरमाँट. बाकीची सगळी 2003 पासून पुढे आली आणि त्यातली बहुतेक गेल्या दहा-बारा वर्षांत. आपल्याकडे हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, अमेरिकन माणसं वेडी आहेत. दुसरा हळूच म्हणतो, आपल्याकडेही असंच हवं. दोघांनीही तो कायदा उघडून पाहिलेला नसतो.

म्हणून आधी एक गैरसमज काढून टाकू. परवाना गेला तो बाळगण्याचा. विकत घेण्याचे केंद्राचे नियम होते तसेच आहेत. दुकानातून पिस्तूल घ्यायचं तर 4473 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि एफबीआयच्या यंत्रणेकडून नावाची तपासणी होते. ही यंत्रणा 1998 पासून चालू आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला, घरात मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्याला केंद्राच्या कायद्याने बंदूक जवळ ठेवताच येत नाही, आणि राज्याने परवाना काढून टाकला म्हणून ती बंदी उठत नाही. दोन खासगी माणसांच्या आपसातल्या व्यवहाराला मात्र केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यं मागतात, पुष्कळशी मागत नाहीत. तेव्हा समोरचा माणूस बंदीच्या यादीतला आहे की नाही, हे पूर्वी निदान बाळगण्याचा परवाना देताना टेबलावर एकदा पाहिलं जायचं. 29 राज्यांत आता ते टेबल आडवं येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की ही पारख संपलेली नाही, तिने जागा बदलली आहे. कुठून कुठे, ते पाहायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

आज ज्याला मूळचा अमेरिकन हक्क म्हणतात, त्याच्या विरोधातले पहिले कायदे अमेरिकेच्या दक्षिणेनेच केले. 1813 साली केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी लपवून शस्त्र बाळगायला बंदी घातली. त्या काळची समजूत अशी होती की सभ्य माणूस शस्त्र उघड बाळगतो. कोटाच्या आत लपवतो तो दगा करणारा. केंटकीत एका माणसाला चालायच्या काठीत तलवार दडवल्याबद्दल पकडलं. 1822 साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. केंटकीने हार मानली नाही. 1850 च्या नव्या राज्यघटनेत लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला लिहूनच दिला. त्याच केंटकीने 2019 मध्ये परवान्याची अट काढली. आज उलट उघड पिस्तूल लावून किराणा दुकानात शिरणं अडाणीपणाचं मानतात आणि शर्टाखाली झाकलेलं सभ्य. सभ्यतेच्या कल्पना दोनशे वर्षांत अशा उलट्या फिरतात.

हॉलिवूडने जिची शौर्यकथा करून टाकली, ती ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावची 26 ऑक्टोबर 1881 ची गोळीबाराची घटना आपल्यापैकी पुष्कळांनी पडद्यावर पाहिली असेल. ती ठिणगी पडली कशावरून? गावाच्या हद्दीत शस्त्र बाळगू नये, असा गावाचा नियम होता. आलेल्याने आपलं पिस्तूल ठरल्या जागी जमा करायचं आणि जाताना घेऊन जायचं. क्लँटन आणि मॅकलॉरी मंडळींनी तो नियम मोडला म्हणून गावचा मार्शल वर्जिल अर्प आपल्या भावांना घेऊन त्यांची हत्यारं काढून घ्यायला निघाला होता. ॲरिझोना राज्याने 2010 साली परवाना रद्द केला. टूमस्टोनच्या त्याच रस्त्यावर आज तुम्ही खिशात पिस्तूल घेऊन विनापरवाना फिरू शकता. 1881 साली तिथल्याच मार्शलने तुम्हाला अडवलं असतं.

व्हरमाँटची गोष्ट वेगळी. तिथल्या रटलंड शहराने महापौराच्या किंवा पोलीसप्रमुखाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र लपवून बाळगू नये, असा नियम केला होता. 1903 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि मग त्या राज्याने परवाना हा प्रकार आणलाच नाही. लोकसंख्या थोडी, शिकारीची सवय जुनी आणि राजकारण डाव्या बाजूला झुकलेलं. परवान्याचे विरोधक व्हरमाँटचा दाखला अजूनही देतात. तो दाखला ह्यूस्टनला किंवा मेम्फिसला कितपत लागू पडतो हा भाग निराळा.

आता परवान्याच्या टेबलाकडे येतो. परवान्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा हा भाग गाळतात.

1893 साली फ्लोरिडाने पिस्तूल आणि विंचेस्टर रायफलसाठी परवाना सक्तीचा केला. तो परवाना काउंटीचे कमिशनर देणार. 1941 साली हा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी निकालाला जोडलेल्या आपल्या सहमतीच्या मतात उघडपणे लिहिलं की हा कायदा काळ्या मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी आणला होता आणि गोऱ्यांना तो लावण्याचा कुणाचा हेतूच नव्हता. न्यायाधीशाच्या लेखणीतून इतकी नागडी कबुली क्वचित येते. 1956 च्या जानेवारीत अलाबामातल्या माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. बसबहिष्काराचे ते दिवस. किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्जदाराला खरा धोका असावा, अशी अट असेल तर ज्याच्या ओसरीवर बाँब फुटला त्याच्याहून लायक अर्जदार कोण? अर्ज फेटाळला गेला.

मराठी श्रोत्यांना हे समजायला वेळ लागू नये. 1878 चा लिटनचा शस्त्र कायदा आपल्याकडे असाच आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव झाले. परवाना देणारा कोण आणि मागणारा कोण, हे विचारल्याशिवाय परवाना चांगला की वाईट हे सांगता येत नाही. अमेरिकेतला परवानाविरोध निव्वळ माथेफिरूपणा आहे असं समजणाऱ्यांनी किंग यांचा अर्ज आठवावा. अर्थात आज परवाने रद्द करणाऱ्या विधिमंडळांना किंग यांची आठवण होते ती भाषणापुरती, हेही जोडून सांगतो. 1967 साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाची काळी तरुण मुलं भरलेल्या बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरली, तेव्हा भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी.

टेक्ससचं वळण मात्र एका माणसाच्या दुःखातून आलं. 1871 पासून तिथे पिस्तूल जवळ बाळगायला जवळजवळ बंदीच होती. 16 ऑक्टोबर 1991 ला किलीन गावातल्या लूबीज नावाच्या खानावळीत एकाने गाडी काच फोडून आत घातली आणि 23 जणांना गोळ्या घालून ठार केलं. सुझॅना ग्रेशिया हप आईवडिलांबरोबर जेवायला आल्या होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर होतं, पण बाहेर गाडीत, कारण ते पर्समध्ये ठेवणं गुन्हा होता. आई आणि वडील दोघंही गेले. पुढची काही वर्षं त्या राज्याराज्यांतल्या समित्यांपुढे ही हकिकत सांगत हिंडल्या आणि 1996 मध्ये स्वतः टेक्ससच्या विधानसभेवर निवडून आल्या. 1993 साली गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी याच दिशेच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता. पुढच्या वर्षी त्या जॉर्ज बुश यांच्याकडून हरल्या आणि 1995 मध्ये बुश यांनी परवाना पद्धतीच्या कायद्यावर सही केली.

त्या कायद्यात अटी होत्या आणि त्या पुऱ्या केल्या तर परवाना नाकारण्याची मुभा अधिकाऱ्याला नव्हती. फ्लोरिडाने 1987 मध्ये हाच मार्ग घेतला होता. टेक्ससच्या परवान्यासाठी काही तासांचा वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा. 3 यार्डांवरून 20 गोळ्या, 7 यार्डांवरून 20, 15 यार्डांवरून 10. एकूण 250 गुण, पास व्हायला 175. तीन यार्ड म्हणजे या व्यासपीठापासून पहिल्या रांगेपर्यंतचं अंतर. परीक्षा अवघड मुळीच नव्हती, पण आपल्या हातून गोळी कुठे जाते हे त्या माणसाने आयुष्यात एकदा तरी पाहिलेलं असायचं. 1 सप्टेंबर 2021 पासून हीही अट राहिली नाही.

माझ्या मते अमेरिकेला मधला मार्ग सापडला होता तो हा. अधिकाऱ्याची मर्जी नाही आणि पूर्ण मोकळीकही नाही. शेरीफला कातडीचा रंग पाहून अर्ज फाडता येत नव्हता आणि अर्जदाराला एक दिवस देऊन कायदा शिकावा लागत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही इथवरच मजल मारली. 23 जून 2022 च्या ब्रुएन निकालात न्यूयॉर्कची, खास कारण दाखवा तरच परवाना देऊ, ही पद्धत सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली. 1911 च्या सुलिव्हन कायद्यापासून न्यूयॉर्कचा परवान्याचा कारभार चालत आला होता. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवलं आहे की ठसे, पूर्वेतिहासाची तपासणी, प्रशिक्षण या अटी राज्यांना घालता येतात. म्हणजे परवाना पुरता काढून टाका, असं न्यायालयाने कुणाला सांगितलेलं नाही. ते राज्यांनी आपल्या हौसेने, आणि पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत कुणी आपल्यापेक्षा उजवीकडे जाऊ नये या धास्तीने केलं. जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी 2022 मध्ये या कायद्यावर सही केली ती डग्लसव्हिल गावातल्या बंदुकांच्या दुकानात जाऊन.

मग पारख कुणाकडे गेली? पहिल्यांदा गेली दुकानदाराकडे. तुमच्यापैकी काही जणांची मुलं डॅलसजवळ प्लेनो-फ्रिस्कोत राहतात. तिकडे गेलात तर दवाखान्याच्या, रेस्टॉरंटच्या काचेवरच्या पाट्या जरा थांबून वाचा. 30.06 हा कायद्याच्या कलमाचा आकडा. लपवलेलं पिस्तूल घेऊन परवानाधारकाने आत येऊ नये, हे त्या पाटीवर ठरलेल्या शब्दांत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत, उठून दिसेल अशा रंगात लिहावं लागतं. उघड बाळगणाऱ्या परवानाधारकासाठी 30.07. आता 2021 नंतर परवाना नसलेल्यासाठी तिसरं कलम, 30.05. दारूच्या विक्रीतून निम्म्याहून जास्त उत्पन्न येतं अशा ठिकाणी लाल रंगात मोठा 51 चा आकडा. केस कापायचं छोटं दुकान चालवणाऱ्या बाईने आपल्या खुर्चीजवळ कुणी पिस्तूल आणू नये एवढंच म्हणायचं तर तिने आधी फौजदारी संहिता वाचायची, मग काच भरून पाट्या लावायच्या.

दुसऱ्यांदा आणि मुख्यतः ती गेली रस्त्यावरच्या पोलिसाकडे. ज्यांना आपण बंदुकीच्या बाजूचे समजतो, त्या खात्यांचे वरिष्ठच या कायद्यांना विरोध करायला उभे राहिले याचं कारण हेच. इंडियाना राज्य पोलिसांचे प्रमुख डग कार्टर यांनी 2022 मध्ये गणवेशात विधिमंडळापुढे जाऊन विरोध नोंदवला. पोलिसांचे कैवारी म्हणवणाऱ्या आमदारांना त्यांनी तोंडावर खडे बोल सुनावले. विधेयक तरीही मंजूर झालं. ओहायोचा कायदा तर बारकाईने पाहण्यासारखा आहे. पूर्वी तिथे आठ तासांचं प्रशिक्षण लागायचं आणि पोलिसाने गाडी थांबवली की आपल्याजवळ पिस्तूल आहे हे चालकाने लगेच, आपण होऊन सांगायचं. जून 2022 पासून प्रशिक्षण गेलंच, शिवाय पोलीस विचारील तरच सांगायचं. रात्री अकराला हायवेच्या कडेला, चालत्या वाहनांच्या उजेडात, काच खाली होते तेव्हा आतला माणूस कोण आहे हे त्या शिपायाने दोन-तीन सेकंदांत ओळखायचं. जे काम ऑफिसात ठसे घेऊन, फाइल मागवून काही आठवडे चालायचं, ते आता तिथे होतं.

आणि ते कसं होतं? 6 जुलै 2016 ची घटना. मिनेसोटात सेंट पॉलजवळ फिलांडो कॅस्टील या शाळेच्या भोजनगृहात काम करणाऱ्या काळ्या माणसाची गाडी पोलिसाने थांबवली. मिनेसोटात परवाना लागतो आणि तो त्याच्याकडे होता. आपल्याजवळ बंदूक आहे हे त्याने शांतपणे, अदबीने सांगितलं. त्यानंतर काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. 2017 च्या जूनमध्ये पोलीस निर्दोष सुटला. कागद हातात असलेल्या माणसाची ही गत झाली. कागदच नसेल तेव्हा सगळा भरवसा शिपायाच्या नजरेवर, आणि ती नजर 1956 च्या माँटगोमेरीतल्या अधिकाऱ्याच्या नजरेपेक्षा किती बदलली आहे, याची खात्री अमेरिकेतला काळा माणूस देणार नाही. परवाना उठल्याने किंग यांच्यासारख्याचा प्रश्न सुटला असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

परवाना रद्द झालेल्या राज्यांत तो मागितला तर अजून मिळतो, आणि माणसं तो घेतातही. केंद्राच्या कायद्याप्रमाणे शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत, म्हणजे साधारण तीनशे मीटरच्या आत, बंदूक बाळगणं गुन्हा आहे. सूट आहे ती त्या राज्याचा परवाना असलेल्याला. शहरात हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता शोधून दाखवा! म्हणजे राज्याने सांगितलं परवाना नको, आणि त्या माणसाने गाडीचा लॉक नसलेला कप्पा वापरून पिस्तूल नेलं तर पुढच्या चौकात तो केंद्राचा गुन्हेगार. खटले क्वचित होतात, पण कलम जागेवर आहे. शाळेभोवतीच्या हजार फुटांचं असंच कलम लुइझियाना राज्याच्या कायद्यातही आहे आणि ते उलटं वापरायची अक्कल न्यू ऑर्लीन्सच्या पोलिसांनी लढवली. लुइझियानाने 4 जुलै 2024 पासून 18 वर्षांवरच्यांना विनापरवाना मुभा दिली. दारू आणि गर्दी यांनी रोज रात्री ओसंडणारा तिथला फ्रेंच क्वार्टर वगळा, ही शहराची विनंती विधिमंडळाने मानली नाही. तेव्हा पोलिसांनी त्या भागातलं आपलं ठाणंच व्यवसायशिक्षणाची शाळा म्हणून जाहीर केलं, म्हणजे भोवतीचा हजार फुटांचा पट्टा आपोआप शस्त्रमुक्त. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कुणा फौजदाराने ही युक्ती केली असती तर आपण तिला गावठी म्हणून हसलो असतो.

गुन्हे वाढले की घटले, हे तुम्ही विचारणार. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी 1998 च्या पुस्तकात बंदुका बाळगायची मुभा वाढली की गुन्हे घटतात असं मांडलं. 2004 मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने पुराव्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही असं सांगितलं. स्टॅनफर्डचे जॉन डोनह्यू आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं की अशी मुभा दिल्यानंतर दहा वर्षांनी त्या राज्यांत हिंसक गुन्हे 13 ते 15 टक्के जास्त निघतात. मला डोनह्यू यांची मांडणी जास्त पटते. पण हा अभ्यास अटींवर सक्तीने परवाना देणाऱ्या कायद्यांचा आहे, परवाना पूर्ण उठवल्याचा नाही, हे सांगायला हवं. आणि ज्या मृत्यूंची आपण चर्चा करतो ते अर्धेसुद्धा नसतात. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यातल्या 26,328 आत्महत्या. रस्त्यावर बाळगण्याच्या कायद्याचा त्यांच्याशी संबंध थोडा.

मला जास्त बोलका वाटतो तो विमानतळांचा आकडा. 2023 मध्ये तिथल्या सुरक्षा तपासणीत हातातल्या सामानात 6,737 बंदुका सापडल्या आणि त्यातल्या सुमारे 93 टक्के भरलेल्या. बॅगेत आहे हेच लक्षात नव्हतं, असं सांगणारे त्यांत पुष्कळ. पिस्तूल पाकिटासारखं झालं की ते पाकिटासारखंच विसरलं जातं.

आपल्या माणसांबद्दल दोन शब्द. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या मराठी इंजिनियरला टेक्सससारख्या राज्यातली ही मुभा लागू नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर तशा व्हिसावरच्या परदेशी माणसाने बंदूक जवळ ठेवणं हाच केंद्राचा गुन्हा आहे. मित्राचं पिस्तूल घेऊन रेंजवर फोटो काढण्याआधी पोरांनी हे वाचावं. ग्रीन कार्ड हातात पडलं की चित्र बदलतं. 2017 च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलाथे गावी एका बारमध्ये तेलुगू इंजिनियरचा वंशद्वेषातून खून झाला, तेव्हा तिथल्या भारतीय घरांत आपणही पिस्तूल घ्यावं का ही चर्चा झाली. कॅन्ससने 2015 मध्येच परवाना उठवला होता. त्या खुनाचा या कायद्याशी थेट धागा जोडणं बरोबर नाही. द्वेषाने पेटलेला माणूस परवान्यासाठी थांबत नसतो. पण त्या रात्री खुन्याला बारमधून एकदा बाहेर काढलं होतं आणि तो बंदूक घेऊन परत आला होता. शर्टाखाली पिस्तूल लावलेला सावळ्या रंगाचा माणूस त्या गोंधळात धावत आलेल्या पोलिसाला कोण वाटला असता, हे आपल्या मुलांनी पिस्तूल घेण्याआधी स्वतःला विचारून पाहावं.

शेवटचा मुद्दा आणि मग आपले प्रश्न घेतो. एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानावा की नाही, हे आज राज्यंच आपसात ठरवतात. त्यामुळे मजा अशी की व्हरमाँटच्या रहिवाशाकडे दाखवायला परवानाच नाही, आणि शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये पाऊल टाकताच तो आरोपी. केंद्राने सगळ्या राज्यांवर परस्परमान्यता लादावी, असं विधेयक 6 डिसेंबर 2017 ला कनिष्ठ सभागृहात 231 विरुद्ध 198 मतांनी मंजूर झालं होतं. सिनेटने ते घेतलं नाही. 2025 मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. राज्यांच्या हक्कांची जपमाळ ओढणारा रिपब्लिकन पक्षच इथे केंद्राला राज्यांच्या डोक्यावर बसवायला निघाला आहे. ते मंजूर झालं तर परवाना न मागणाऱ्या राज्यातला माणूस ओळखपत्र खिशात घालून न्यूयॉर्क शहरात पिस्तूल नेऊ शकेल. तिथे ब्रुएन निकालानंतर टाइम्स स्क्वेअर शस्त्रमुक्त क्षेत्र ठरवून खांबाखांबावर पाट्या लावल्या आहेत. त्या गर्दीत कुणाचं ओळखपत्र कुठल्या राज्याचं आणि त्या राज्यात वयाची अट 18 ची की 21 ची, हे तिथल्या शिपायाला उभ्या-उभ्या तपासावं लागेल.